फिकट राखाडी अक्षरं

परदेशातल्या एका वेबसाइटवर मी वर्षभर लट्टू होतो. सगळीकडे पांढरी मोकळी जागा आणि त्यात बारीक, फिकट राखाडी अक्षरं. रोज कामाला बसण्याआधी ती उघडून बघायचो. गुलमंडीतल्या एका कापड दुकानाची वेबसाइट बनवायचं काम आलं, तेव्हा मी हुबेहूब तसंच केलं. दुकानदार काका सत्तरीचे. "अक्षर जरा ठळक करता येईल का?" त्यांनी एकदाच विचारलं. "काका, आता जगात असंच चालतं," मी म्हणालो. एवढा माज होता अंगात. त्यांनी उलट मला चहा पाजला.

दोन महिन्यांनी बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याचं विचारायला त्याच दुकानात गेलो. काका पाठमोरे फोनवर बोलत होते, "साइटवर वाचता येत नाय व्हय? थांबा, फोटो धाडतो." गल्ल्याशेजारी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा टेकवलेला होता. दुकानाच्या वेळा, सुट्टीचा वार, कोणकोणतं कापड मिळतं, असा माझ्या साइटवरचा सगळा मजकूर त्यावर काळ्या मार्करनं, बोटभर जाड अक्षरांत लिहिलेला. त्याचाच फोटो ते गिऱ्हाइकांना पाठवत होते. दारातूनसुद्धा मला सगळं वाचता आलं.

फोन ठेवून काका वळले. मी दिसताच त्यांनी पुठ्ठा हळूच उलटा करून ठेवला.

"या, या," ते म्हणाले. "साइट लई भारी झालीय बरं का. सगळे तारीफ करतात."