बॅटरी नसताना लागलेला मागचा दिवा

आधीच सांगून टाकतो, मी वायरमन आहे. करंट आला की दिवा लागतो, करंट तुटला की विझतो. यापलीकडे मला काही शिकवू नका. या सदरात लोक पिंपळावरची बाई, आरशातला म्हातारा असलं लिहितात, ते मी वाचतो आणि हसून सोडून देतो. अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी नव्हते. वडील रेल्वेत पॉइंट्समन, त्यांचा विश्वास फक्त टाइमटेबलवर. तेव्हा 'हा ऐंशीच्या घरातला म्हातारा आता बरळायला लागला' असं कुणाला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. म्हणणारे भरपूर भेटलेत मला.

गोष्ट साठ सालानंतरची, पालघरची. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. तिकडे तारापूरला वीजघराचं बांधकाम जोरात चालू होतं आणि बोईसरला रोज नवीन माणसं उतरत होती. पालघर स्टेशनच्या पूर्वेला मनोरकडे रस्ता निघतो, त्या रस्त्यावर भास्करकाकांचं गॅरेज होतं. पुढे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड, मागे एक अंधारी खोली, तिथे बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. इलेक्ट्रिकचं काम आम्ही दोघं बघायचो — मी आणि सदा. सदा कुंभवलीचा. आम्ही एकाच दिवशी काकांकडे लागलो, एकाच डब्यात जेवलो, पहिला शॉकसुद्धा एकाच मॅग्नेटोचा खाल्ला. माझी आई त्याला 'माझा दुसरा' म्हणायची. आता विचार केला की अंगाचा तिळपापड होतो... असो.

त्या वर्षी प्रकल्पावरच्या एका साहेबाने काकांकडे गाडी आणली. शर्यतीची गाडी! जुनी परदेशी टू-सीटर, छप्पर काढलेलं, दारं काढलेली, काचसुद्धा नाही. इंजिन मुंबईहून बांधून आलं होतं, इलेक्ट्रिकचं काम आमच्याकडे. शर्यत कुठल्याशा जुन्या धावपट्टीवर. धूळ एवढी उडते की मागच्याला पुढची गाडी दिसत नाही, म्हणून मागे दोन लाल दिवे पाहिजेतच असा त्यांचा नियम. आणि मागचा अख्खा पत्रा झटक्यात उचलता आला पाहिजे. म्हणजे वायरी सरळ नेऊन चालणार नाही, मध्ये कनेक्टर हवेत — पितळी टोकं, रबराच्या नळीत दाबली की बसली, ओढली की सुटली. असलं काम पालघरात कुणी केलं नव्हतं. मागची बाजू सगळी मी केली, पुढची सदाने. प्रत्येक टोक मी स्वतः सोल्डर केलं. चार दिवस जेवणाची शुद्ध नव्हती.

एवढी मरमर का? कारण साहेबाने काकांना सांगून ठेवलं होतं, "माझ्याकडे एका इलेक्ट्रिशियनची जागा आहे, पर्मनंट. तुमच्या दोघांतला एक द्या." पर्मनंट, आणि वर कॉलनीत खोली! आमच्या वडिलांची रिटायरमेंट चार महिन्यांवर आली होती. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार, मूळ गाव नगरकडचं, तिथे ना घर ना शेत. आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय रे बाळ्या, बोलले का काका?" काका म्हणायचे, "दसऱ्याला साहेब गाडी न्यायला येल तवा नाव सांगन. घाई कशाला?"

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण काकांचं भारी कडक होतं. नवमीला सकाळी पाने, पकडी, हातोडे रॉकेलने धुवायचे, पाटावर लाल फडक्यात मांडायचे, हळदकुंकू, झेंडू... की दसऱ्याला दुपारची पूजा होईपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. "पूजेतला हत्यार उचलला तर तो रगत मागतो," असं काका म्हणायचे, आणि ते थट्टेत म्हणत नसत.

त्या नवमीला पूजा झाली, मेन स्विच बंद केला. गाडीची बॅटरी मी सकाळीच काढून मागच्या खोलीत ठेवली होती, दसऱ्याला सकाळी बसवायची म्हणून. काका जेवून घरी झोपायला गेले. मी आणि सदा मागे राहिलो, पाटासमोरच्या समईत तेल घालत बसायला. दुपारचे तीन वाजले असतील. दार अर्धं लोटलेलं. सदा बिडी ओढत होता, मी भिंतीला टेकलो होतो.

डावा मागचा दिवा लागला.

आधी मंद, तांबूस, मग पूर्ण. चांगला लालभडक! मी आधी सदाकडे बघितलं. म्हटलं, मला झोप लागली की काय. पण त्याच्या हातातली बिडी तशीच राहिली होती. त्याने माझं मनगट धरलं.

"बाल्या... बॅटरी काडलीस ना?"

"तुझ्यासमोर काढली."

मी उठलो आणि मागच्या खोलीत जाऊन बघितलं, बॅटरी टेबलावर. गाडीत बघितलं, दोन्ही क्लिपा लोंबकळत होत्या, हवेत. मेन बंद. दारातून ऊन येतंय का, काचेत चमकतंय का, तेही बघितलं, ऊन दुसऱ्या बाजूला होतं. शेवटी दिव्याच्या काचेला बोट लावलं तर चटका बसला. सदानेही लावलं. "आई गं!" म्हणून त्याने हात झटकला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

घाबरलो? घाबरलो तर! पण वायरमनचा हात भीतीला थांबत नाही. मागचा पत्रा हाताने उचलला, त्याला नुसते चामड्याचे पट्टे होते. दिव्यापासून वायर बोटांनी चाचपत पुढे गेलो. पेट्रोलच्या टाकीपाशी हात गेला आणि दिवा मिचमिचायला लागला. हात मागे घेतला, स्थिर. पुन्हा पुढे, पुन्हा मिचमिच. टाकीच्या पट्टीखाली वायर चेंगरली होती. वरचं रबर कापलं गेलं होतं आणि उघडं तांबं थेट टाकीला टेकलं होतं.

चूक माझी होती. टाकी बसवल्यावर मी वायर पुन्हा तपासली नव्हती. बॅटरी जोडून साहेब धावपट्टीवर गेला असता, एक ठिणगी उडाली असती, आणि... नको ते.

मी बोटाने वायर टाकीपासून सोडवली. तशी लगेच दिवा विझला.

आता वायर कापून नवीन जोडायला पक्कड पाहिजे. आणि पक्कड पाटावर, हळदकुंकवात. दुसऱ्या गॅरेजमधून आणावी तर सगळ्या पालघरची हत्यारं त्या दिवशी पूजेत. उद्या दुपारपर्यंत थांबावं तर साहेब सकाळी सातला येणार. मी म्हटलं, "काकांना उठवू या."

सदा म्हणाला, "येडा हायस? काका बोलतील हात लावू नका. वर तुजी चूक कळंल. नोकरी गेली समज. घे पक्कड, मी दारात बघतो."

हे त्याचे शब्द. त्याचेच! मी पाटावरून पक्कड उचलली, नमस्कार केला, दहा मिनिटांत वायर बदलली, टाकीच्या वरून फिरवून नेली, पक्कड पुसून परत ठेवली. कुंकू लावायला विसरलो.

दसऱ्याला सहाला काका आले आणि पाटाशीच थबकले. पंधरा हत्यारांना कुंकू, एका पकडीला नाही.

"कोनी उचलली?"

मी लपवलं नाही. चूकसुद्धा सांगितली आणि दिव्याचं सगळं सांगितलं. काका ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. गाडीमागे जाऊन त्या दिव्यासमोर उकिडवे बसले. बॅटरी अजून जोडलेली नव्हती. पाच मिनिटं बसले असतील. मी मागे उभा राहून मनातल्या मनात त्या दिव्याच्या हातापाया पडत होतो — लाग बाबा, एकदा लाग, काल लागलास तसा नुसता एक सेकंद लाग. दिवा ढिम्म. काल पेटायला तुला कुणी सांगितलं होतं, आणि आज काय धाड भरली होती रे?

काका उठले. म्हणाले, "दिवा लागला असंल तर ती देवाची मर्जी. मंग तुज्यावर बोट नाय ठेवायचा मी. सदा, तू हुतास ना हितं? तू बगितलास?"

मला खरं तर हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो.

सदाने माझ्याकडे बघितलंच नाही. "नाय काका. मी दारात हुतो. मना काय दिसला नाय."

"सदा!" मी ओरडलो. "बोट भाजलं ना रे तुझं?"

"मी दारात हुतो," तो पुन्हा म्हणाला.

काकांनी हात जोडले, मला नव्हे, पाटाला. "आजपासून माज्या हत्याराला तुजा हात नको, बाला. चूक लपवायला देवाचं नाव घेतलंस, ह्ये वाईट."

तेवढ्यात साहेब आला. बॅटरी सदाने जोडली. बोईसरच्या रस्त्यावर साहेबाने गाडी फिरवून आणली, सगळे दिवे झकास. साहेबाने मागचा पत्रा उचलून कनेक्टर बघितले, ओढून बघितले, परत बसवले. "व्हेरी नीट," म्हणाला. आणि सदा — आमचा सदा, माझ्या आईचा दुसरा — म्हणाला, "थँक्यू सर."

नाव अर्थात त्याचंच गेलं. आम्ही क्वार्टर सोडलं आणि मनोरला हायवेलगत एका खोलीत राहायला गेलो. मी ट्रकच्या गॅरेजात लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. आईने शेवटपर्यंत एकदाच विचारलं, "बाळ्या, तू खरंच बघितलंस का रे?" 'हो' म्हटल्यावर ती पाठ करून भाकरी थापायला लागली. तेच जास्त लागलं.

सदा रिटायर झाल्यावर बोईसरला त्याचं चांगलं घर झालं. मी कधी गेलो नव्हतो. आठ-दहा वर्षांपूर्वी त्यानेच निरोप धाडला, तब्येत बरी नाही, येऊन जा. मुलाला घेऊन गेलो. मुलगा स्कूटर लावत होता, सदाची बायको आत चहा करत होती. ओट्यावर आम्ही दोघंच. सदा खालच्या मानेने म्हणाला, "डावा हुता ना रं? मना अजून दिसतो. डोला मिटला का लाल."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांचा राग असा सुटला की काय सांगू. मी त्याचा हात धरला. "सदा, एकदा हे माझ्या पोरासमोर बोल. बाकी काही नको मला. शपथेवर सांगतो, काही नको."

मुलगा आला. वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "सदा, सांग यांना. खंडेनवमीला काय झालं ते."

सदाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "कसला? आवो, ह्यो बाल्या पयल्यापासून असाच. गोष्टी रचण्यात एक नंबर!"

वहिनी हसल्या. माझा मुलगाही हसला.

मी चहा न पिता उठलो. वाटेत मुलाने विचारलं, "बाबा, काय गोष्ट होती?" मी सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशीच. तो म्हणाला, "उन्हाचं रिफ्लेक्शन असेल हो, बाबा." मी त्याला चटक्याचं पुन्हा सांगायला गेलो, पण स्कूटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

बॅटरीशिवाय तो बल्ब कसा लागला, मला आजही माहीत नाही. लीकेज, उरलेला चार्ज, काय वाट्टेल ते ताडून बघितलं, काहीच बसत नाही. दुसऱ्या कुणी वायरमनने मला हे सांगितलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. बघणारे आम्ही दोघंच होतो. सदा मागच्या वर्षी गेला, मी मातीला गेलो नाही. आता माझा एकट्याचा शब्द उरलाय, आणि तो माझ्या घरातसुद्धा कुणी धरत नाही.