आई मलाच का म्हणाल्या?

मंडळी, आज सकाळपासून घरच्यांच्या नजरेत मी गुन्हेगार आहे.

सासूबाई कर्जतच्या एका दवाखान्यात आहेत. हृदय फार थकलंय. सकाळी डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, "हृदय बंद पडलं तर छाती दाबून, घशात नळी घालून प्रयत्न करायचे का?"

मी म्हटलं, "आईंना ते नकोय. मला मागेच बोलल्यात."

मोहोपाड्याहून आलेली नणंद ताडकन म्हणाली, "तुलाच बरी बोलली? आमाला तर कधी नाय." नवरा नुसता माझ्याकडे बघत राहिला.

आई शुद्धीवर होत्या, म्हणून त्यांनाच विचारलं. त्यांनी लेकाच्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "करा समदं."

मी सगळ्यांसमोर खोटी पडले.

दुपारी पेज भरवायला मी एकटीच आत होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्याच्या तोंडावर नाय कसं म्हनू गं? नको मला ती नळी."

आता हे माझ्या तोंडून कोण खरं मानणार? मी डॉक्टरांनाच त्यांच्याशी एकट्यानं बोलायला सांगितलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "आजींना खरंच नकोय. आपण त्यांचं ऐकू या."

नवरा भिंतीला टेकून रडला. नणंदेनं जवळ येऊन हळूच विचारलं, "दुपारी आत काय शिकवलंस गं तिला?"

तुमच्या घरात कोणी असं एकालाच सांगून ठेवलंय का? त्या एकावर बाकीचे विश्वास ठेवतील?