बारा टोले, बारा द्राक्षं

ऑफिसातल्या स्पॅनिश मैत्रिणीने सांगितलं होतं, की त्यांच्याकडे नवीन वर्ष लागताना घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. स्पेनमध्ये रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आमच्या कावासाकीत सकाळचे आठ. एक जानेवारीला नवरा आणि मी तिथलं थेट प्रक्षेपण लावून बसलो. जपानी द्राक्षं मात्र लिंबाएवढी. आठव्या टोल्याला दोघांचेही गाल टम्म फुगले. तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या आजी शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. आम्ही तोंड मिटून नुसतेच वाकलो. त्या घाईने परतल्या. दुपारी दाराला पिशवी अडकवलेली दिसली. आत मास्क, आणि चिठ्ठी: "गालगुंड लवकर बरं होवो."

नवरा म्हणाला, "आता आठवडाभर मास्क लावूनच फिरू. समजावत कोण बसणार?"