दहा गोण्यांचा फोटो
ओल्या गोणीचा वास आला की पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवरचा जानेवारीतला तो एक दिवस आठवतो. आमचं मुंबईचं मंडळ छापील टी-शर्ट घालून ओढ्यावर बंधारा बांधायला आलं, तर वाडीतल्या बायकांनी मातीच्या गोण्या रचून तो आदल्या दिवशीच पुरा केलेला, पाणीही चांगलं अडलेलं. "काम झालाय रे, आता काय ऱ्हायला नाय," एक म्हातारी म्हणाली, तसं अध्यक्षांचं तोंड पडलं, कारण त्यांना श्रमदानाचा फोटो हवा होता. मग मधल्या दहा गोण्या काढून पुन्हा लावायचं ठरलं. काढतानाच फोटो झकास आले, वरून मटणाची हाक आली आणि लावायचं राहून गेलं. आम्ही जेवेपर्यंत गुरांसाठी अडवलेलं पाणी खाली सावित्री नदीकडे निघून गेलं. तो फोटो मंडळाच्या कार्यालयात अजून लटकतोय, खाली 'गावासाठी एक दिवस' लिहिलंय, आणि काढलेली गोणी छातीशी धरून सगळ्यांत पुढे दात काढतोय, तो मी.