शेवटच्या धुलाईचं पाणी

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये लोटू माझ्या हाताखाली तयार झाला. रंगवलेल्या कापडाच्या धुलाईला त्याच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही. शेवटचं पाणी साफ आल्याशिवाय तो माल पुढे सोडत नसे. शेठ ओरडला तरी नाही. अंगावरचा रंग काढण्यातही पटाईत.

त्यामुळे मुलीच्या, प्रियांकाच्या, पायांवर लाल-जांभळे ठिपके दिसले तेव्हा आपल्याच कपड्यांचा रंग लागला असं त्याने धरलं. साबण लावला, लिंबू चोळलं. ठिपके तसेच. बायको सुषमा म्हणाली, "आते बस करा. पोरनी कातडी निंघी जाई."

संध्याकाळी पोरीचे घोटे सुजले, पोट दुखू लागलं. दोघांनी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी ठिपका दाबला. तो फिका पडला नाही. त्यांनी सांगितलं की हा रंग कातडीखाली आहे. मागच्या सर्दी-खोकल्यानंतर बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली, त्यातून रक्त झिरपलं. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. आराम द्या, दुखलं तर औषध. पोटात जोराची कळ आली, शौचात रक्त दिसलं, तर लगेच आणा. खरी भीती किडनीची. म्हणून ठिपके गेल्यावरही काही महिने लघवी आणि रक्तदाब तपासायचा.

घासायचं काहीच नाही, हे लोटूला पचेना. तपासणीचं मात्र चटकन पटलं. कापड चांगलं दिसतं म्हणून धुलाई संपत नाही.

ठिपके गेले. पोर उड्या मारू लागली. आता कशाला खेटे घालतोस, असं गल्लीने विचारलं. लोटू गेलाच. लघवीची बाटली त्याने उजेडात धरली, रंग साफ दिसला, म्हणून मालासारखी स्वतःच पास केली. रिपोर्टात मात्र डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. त्या दिवशी तो जेवला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडंच आहे, पण तपासणी चुकवू नका. त्याने एकही चुकवली नाही. रात्रपाळी करून तसाच जायचा.

गेल्या महिन्यात रिपोर्ट साफ आला, रक्तदाबही ठीक. पेढे घेऊन तिघं माझ्या घरी आली. मी विचारलं, "मग, माल सोडायचा?"

प्रियांका म्हणाली, "सोडा ना पप्पा, मला खेळायला जायचंय."

ती गेली. तासाभराने परतली, तर पोटरीवर लाल डाग. लोटूचा चेहरा उतरला. त्याने अंगठा ओला करून हळूच फिरवला.

डाग निघाला. विटेची धूळ होती. लोटू हसत सुटला आणि उरलेला पेढा त्याने स्वतःच खाल्ला.