गाठोड्यातली लांब नावं

माझ्या बाबांनी दिग्रसला चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाला फोटो दिला की एक प्रत स्वतःकडे ठेवायची आणि तिच्या मागे पेन्सिलीने सगळी हकीकत लिहायची: कुठला कार्यक्रम, कोणती वेळ, कोणी काढायला लावला, आणि सगळ्यात शेवटी डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे, कोण कोणाची कोण. मला लहानपणी त्याचा वैताग यायचा. जेवायला ताट वाढलेलं असायचं आणि हे लिहीत बसलेले.

स्टुडिओ बंद केल्यावर त्यांनी जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान असलेल्या भाईंकडून शिकून घेतलं आणि दोन वर्षं खपून सगळे फोटो स्कॅन केले. मग मूळ फोटो ज्याचे त्याला नेऊन दिले. "आपल्या घरी वाळवी खाईन, त्याईच्या घरी पोरंसोरं पाहातीन," हे त्यांचं म्हणणं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

पुढे एके दिवशी व्होल्टेज वाढलं आणि कॉम्प्युटर जळाला. सुदैवाने भाईंनी आधीच सगळ्या फोटोंची एक दाबून बांधलेली फाइल पेनड्राइव्हवर करून दिली होती. बाबा तिला गाठोडं म्हणत. पेनड्राइव्ह त्यांनी कपाटात ठेवला आणि निश्चिंत झाले.

अशात उमरखेडहून एका बाईंचा फोन आला. वय पंचावन्नच्या आसपास, माहेर महागावचं. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई गेली होती. आईचा एकही फोटो घरात नव्हता. महागावला बुद्धविहाराची पायाभरणी झाली तेव्हा बाबांनी बायांचे फोटो काढले होते आणि त्यात त्यांची आई होती, एवढं त्यांना कोणा म्हाताऱ्या नातेवाइकाकडून कळलं होतं; पण त्या फोटोंची प्रत आता महागावात कोणाकडेच सापडत नव्हती. "भाऊ, मले मायचं तोंडच आठवत नाही," त्या बाबांना म्हणाल्या. "भितीवर बापाचा फोटो हाय. त्याच्या बाजूची जागा मी रिकामी ठेवली हाय."

बाबांनी मला यवतमाळला फोन केला. मी इथे शाळेत शिकवते, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं अशी त्यांची समजूत. पेनड्राइव्ह रुमालात बांधून त्यांनी ओळखीच्या एसटी ड्रायव्हरकडे दिला आणि संध्याकाळी तो माझ्या हातात आला. इथवर सगळं सुरळीत झालं.

माझ्याकडचा लॅपटॉप शाळेचा. त्यात भाईंच्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळी सिस्टीम आहे. त्याने गाठोडं बघितलं आणि ही कसली फाइल, मी ओळखत नाही, असं सांगून मोकळा झाला. ती उघडणारा प्रोग्रॅम टाकायला पासवर्ड हवा होता, आणि पासवर्ड ज्या सरांकडे होता ते बहिणीच्या घरी वास्तुशांतीला गेले होते. तीन दिवस मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. चौथ्या दिवशी प्रोग्रॅम टाकला, गाठोडं सोडलं, तर सहाशेपैकी सत्तर फोटो बाहेर आले आणि बाकीच्यांसाठी एकच उत्तर: नाव फार लांब आहे.

मग माझ्या ध्यानात आलं. बाबा फोटोच्या मागे लिहायचे ती सगळी हकीकत त्यांनी फाइलच्या नावात उतरवली होती. माझा लॅपटॉप एकेका मराठी अक्षराला तिप्पट जागा धरतो, काना-मात्रा वेगळे मोजतो, आणि पंच्याऐंशी-नव्वदच्या पुढे गेलं की हात वर करतो. भाईंच्या कॉम्प्युटरला तीच नावं बिनबोभाट चालत होती.

मी फोनवर बाबांवर भडकले. "बाबा, फाइलला नाव द्यायचं असते, निबंध नाही लिहायचा! एक, दोन, तीन नंबर टाकले असते तरी चाललं असतं."

"नंबरानं कोन वळखू येते?" बाबा शांतपणे म्हणाले. "मी फोटोच्या मांगं लिवतो तसंच लिवलं. काहून, चुकलं का?"

मी फोन ठेवला आणि नावं छाटणारा एक प्रोग्रॅम शोधून काढला. तासाभरात सगळे फोटो बाहेर आले. मी स्वतःवर खूश झाले, चहा टाकला, आणि महागावचे फोटो शोधले. ते सात होते. सातांचं नाव एकच, वेगळा फक्त त्या प्रोग्रॅमने शेवटी लावलेला एक ते सात आकडा: 'महागाव बुद्धविहार पायाभरणी कार्यक्रम वैशाख पौर्णिमा दुपारची वेळ महिला मंडळाच्या आग्रहा'. पुढचं सगळं उडालं होतं. बाबांच्या पद्धतीप्रमाणे माणसं शेवटी, त्यामुळे माणसंच कापली गेली. हातात उरलं काय, तर पौर्णिमा आणि दुपारची वेळ.

(नंतर शाळेतल्या एका मॅडमनी दाखवलं की गाठोडं सोडण्याआधी जी यादी दिसते, तिचा रकाना नुसता रुंद केला असता तरी पूर्ण नावं दिसली असती. त्यांना मी हसून धन्यवाद दिले. हसू फारसं मनापासून नव्हतं.)

मी ते सातही फोटो बाईंना मोबाइलवर पाठवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. चौथ्या फोटोतली डावीकडून तिसरी बाई त्यांनी निवडली होती. नाक तेच, कपाळ तेच, उभं राहण्याची तऱ्हासुद्धा त्यांचीच. "हीच असंन माय. आरशात पाह्यल्यावानी वाटून राह्यलं." मीसुद्धा निरखून बघितलं. खरंच, हुबेहूब. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तो चेहरा मोठा करून छापून आणते, असं मी बाबांना सांगितलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"काहून नाही? तुम्हाले आठवते का कोन हाय ते?"

"नाही आठवत. तवा त्या गावात मी एकाच रोजी शंभर बाया पाह्यल्या असतीन. म्हनूनच नाही म्हनतो. अंदाजानं कोनाची माय कोनाले देऊ नये, पोरी. मी लिवलं हाय, ते वाच."

मी हट्टी आहे असं माझ्या सासरी म्हणतात. त्यांनी माझ्या बाबांचा हट्ट बघितलेला नाही. शेवटी रविवारी मी पेनड्राइव्ह घेऊन दिग्रसची एसटी पकडली. उमरखेडच्या बाईंनाही बाबांनी बोलावून घेतलं होतं. पुसदला गाडी बदलून त्या आल्या, येताना आमच्यासाठी बोरं घेऊन आल्या.

आम्ही तिघं भाईंच्या दुकानात गेलो. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना की सुरू होताना खाकरतो. भाईंनी पेनड्राइव्ह लावला, दोनदा बटण दाबलं, आणि गाठोडं सुटलं. सहाशेच्या सहाशे फोटो, एकाही नावाचं अक्षर न गाळता. माझा आठवडा गेला होता, त्यांना दोन मिनिटं लागली.

"मॅडम, पहलेच आ जाते," भाई म्हणाले. "गाठ जिसने बांधी, वही खोलेगा ना?"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. बाबा तर इतके खूश की त्यांनी भाईंना आणि आम्हाला, सगळ्यांच्याच नको नको म्हणण्याकडे लक्ष न देता, कटिंग चहा आणि आलूबोंडे मागवले. दुकानात झेरॉक्ससाठी आलेली दोन माणसंही खुर्च्या ओढून बसली.

चौथा फोटो उघडला. बाबांनी चष्मा पुसला आणि नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पौर्णिमा झाली, दुपारची वेळ झाली, महिला मंडळाचा आग्रह झाला. मग माणसं आली. बाबांनी लिहिलेली नावं मी इथे गाळते. पहिली, दुसरी, आणि तिसऱ्या बाईपाशी बाबा थांबले. ते नाव आईचं नव्हतं. आईच्या धाकट्या बहिणीचं होतं, बाईंनी ऐकताच ओळखलं.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. हातातला आलूबोंडा त्यांनी कागदावर ठेवून दिला. मला माझीच लाज वाटली, कारण माझं चाललं असतं तर एव्हाना ती मावशी फ्रेममध्ये घालून भिंतीवर लागली असती.

"थांबा, सरलं नाही," बाबा म्हणाले आणि पुढे वाचलं: "खाली बसलेली, उजव्या टोकाची, वरच्या तिसरीची मोठी बहीण. मांडीवर हिचीच पोरगी. पोरगी रडली म्हणून फोटो दोनदा काढला, तरी हिनं मान वर केली नाही."

भाईंनी तो कोपरा मोठा केला. काठाचं लुगडं, रंग कुठला ते फोटो काळापांढरा असल्याने सांगता येत नाही. भांग दिसतो, कपाळ दिसतं, नाकाचा शेंडा दिसतो. चेहरा खाली, मांडीवरच्या पोरीकडे. या दोन-तीन दिवसांत मी तो फोटो वीस वेळा तरी बघितला असेन, आणि ही बाई नीट आली नाही म्हणून दर वेळी पुढे गेले होते.

बाबा ओशाळले. "तोंड बराबर नाही आलं, बाई. मी तिले दोनदा सांगतलं व्हतं, इकडं पाहा म्हनून."

बाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मांडीवरच्या पोरीवर त्यांनी बोट ठेवलं.

"राहू द्या, भाऊ," मग त्या म्हणाल्या. "ती माह्याकडं पाहून राह्यली हाय."