कुजायला न घातलेली एस्ता

आमच्या किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्याचं नाव होतं ते टिकलेल्या होडीमुळे, आणि मलगन कोरणाऱ्याचं होतं ते कुजून गेलेल्या कामामुळे. मेलेल्या माणसासाठी लाकडाची मूर्ती कोरायची, तीही कुडाच्या आत, बायकांच्या नजरेआड. मयताच्या जेवणाच्या दिवशी कूड मोडून ती सगळ्यांसमोर उभी करायची, डुकरं कापायची, पोटभर रडून घ्यायचं आणि मूर्ती रानात नेऊन सोडायची. पुढचं पाऊस आणि वाळवी बघून घेतात. मूर्ती कुजली की माणूस गेला. माझे मामा लामासी यांची उभ्या आयुष्याची कमाई अशी रानात माती होऊन पडली आहे. कावियेंग शहराच्या बाजारात कोणी हे ऐकून चुकचुकलं की मला राग येतो. जेवलेलं अन्न पोटात राहावं असं तुम्हाला वाटतं का?

मामांना हे यश काही आयतं मिळालं नाही. मूर्तीचा आकार कुळाच्या मालकीचा असतो. कुळातला थोरला तो एकदाच, तोंडाने सांगतो. कोरणाऱ्याने डोळे मिटून ऐकायचं, मंत्रलेलं आलं चावून झोपायचं आणि स्वप्नात दिसेल ते लाकडातून काढायचं. मामांना पहिल्या खेपेला सांगितला होता साप पकडलेला धनेश पक्षी. कूड मोडल्यावर मागून एक म्हातारी म्हणाली, "कोंबडीने गांडूळ धरलंय की!" मयताच्या घरचे लोकसुद्धा हसले. त्यानंतर कित्येक वर्षं मामा गावात कोंबडीवाले म्हणूनच ओळखले जायचे. आई सांगायची, तो धनेश कुजेपर्यंत मामा रोज रानात जाऊन त्याच्यासमोर बसत. कुठे चुकलं ते बघत.

मग हळूहळू हात बसला. लांबच्या गावांतली माणसं वाट वाकडी करून मामांकडे येऊ लागली. एकदा दक्षिणेकडचा एक म्हातारा मूर्तीवर हात फिरवता फिरवता थांबला. "हे माझ्या डोक्यात होतं, तुला कसं दिसलं?" असं म्हणून तो रडायलाच लागला. त्या दिवसापासून कोंबडी विसरली गेली. शहरातला एक दुकानदार येऊन पाहुण्यांना विकायला मूर्त्या मागू लागला, त्याला मामांनी सुपारी खिलवली आणि परत पाठवलं. मेलेलं कोणी नाही, मग डोळे बसवायचे ते कुणासाठी, असा त्यांचा साधा सवाल होता. डोळे सगळ्यात शेवटी बसतात. समुद्रातल्या गोगलगायीच्या तोंडावरचं गोल हिरवट झाकण खोबणीत दाबलं की मूर्ती बघायला लागते. त्या क्षणी मेलेलं माणूस आत येतं. एरवी ते नुसतं लाकूड.

मामांची मुलगी एस्ता समोरच्या बेटावरून परत येताना होडी उलटून बुडाली. होडी सापडली, बरोबरच्यांचे देह सापडले, एस्ता नाही सापडली. नाओमीमामीने त्या दिवशीच निखाऱ्यावर भाजलेला टारो, म्हणजे अळूचा कंद, सोडला. एस्ता तो राखेसकट खायची. मलगन उभं राहीपर्यंत तो तोंडात घालणार नाही, असं मामीने सगळ्यांसमोर सांगितलं.

मूल आईच्या कुळाचं. त्यामुळे एस्ताच्या मलगनावर मामांचा काडीचा हक्क नव्हता. हक्क मामीच्या थोरल्या भावाचा, केपासचा. तो देईल त्याला काम, तो सांगेल तो आकार. केपासने मामांनाच बोलावलं. "दाजी, तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देऊ तिला?" एवढंच तो म्हणाला. मग त्याने आकार सांगितला: उडणाऱ्या माशांच्या मधोमध उभी बाई. मामांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. कुडाच्या आत एरवी मी त्यांच्या हाताखाली असायचो. या वेळी त्यांनी मलाही बाहेर काढलं.

काम लांबत गेलं. माणूस दुःखात आहे म्हणून कोणी हटकलं नाही. जेवणाच्या दिवशी कूड मोडला तेव्हा मूर्ती पाहायला लोक पुढे सरकले. मासे तर असे, की आत्ता पाण्यातून निघालेत. डुकरं कापली गेली, भाषणं झाली. शेवटी केपासने भाजलेला टारो सोलून बहिणीच्या हातात दिला. मामीने घास घेतला, चावला, आणि तो तिला गिळता येईना. तिने तो हळूच पानावर काढून ठेवला.

"ती गेली नाही," मामी म्हणाली. "इथेच कुठेतरी ओली उभी आहे."

मूर्ती रानात गेली, पावसाळ्यात कुजली, मुंग्यांनी पोखरली. मामीच्या घशाखाली टारो काही उतरेना. मामांचा कुत्रा दिवसभर कामाच्या झोपडीकडे तोंड करून बसे, बोलावलं तरी आत जात नसे. मी झोपडीत हत्यारं आणायला गेलो, तर चुलीजवळ जमिनीवर ओल. पाट ठेवण्याएवढी जागा. छप्पर धड होतं, उन्हाचे दिवस होते. मी मूठभर राख टाकली. दुसऱ्या दिवशी राखेचा चिखल झाला होता. बोट लावून चाटलं तर खारट. मामा कोपऱ्यात बसून पटाशीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मामा, ही ओल कसली?"

"समुद्र जवळ आहे," ते म्हणाले. जणू समुद्र कालच येऊन राहिला होता.

असल्या गोष्टी लपत नाहीत. वरच्या गावचं ठरलेलं काम दुसऱ्या कोरणाऱ्याकडे गेलं. मग आणखी एक गेलं. बाजारात लोक मामांना मानाने सुपारी द्यायचे, पण कामाचं बोलायचे नाहीत. लामासीच्या मूर्तीतून माणूस जात नाही, अशी बोलवा झाली. एका टवाळाने तर मला विचारलं, "काय रे, कोंबडी परत आली का?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी धरलं. मला वाटायचं, मामांनी एकदा तोंड उघडून काहीतरी बोलावं. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते, आणि झोपडी सोडून कुठे जात नव्हते.

मग एका सकाळी केपास आला. धिप्पाड माणूस, त्याच्यासमोर अख्खं गाव चळाचळा कापायचं. तो झोपडीच्या दाराशी जमिनीवर बसला, मामांपेक्षा खाली.

"दाजी, तुमचा दोष नाही," तो म्हणाला. "मीच आकार चुकीचा सांगितला असणार. माझं डोकं गेलंय आता. कुळातल्या थोरल्यांनी मला दिलेले सगळे आकार मी धाकट्या भावाला देऊन टाकतो. माझ्या चुकीने पोरगी अडकली."

हा माणूस म्हणजे त्याच्याकडचे आकार. ते दिले की तो झाडाखाली बसून माश्या मारणारा म्हातारा. मामांच्या हातातली पटाशी खाली पडली. ते उठले, चुलीवरच्या माळ्यावर चढले आणि गवताचा भारा बाजूला सारला.

तिथे एस्ता होती. तेच मासे, तशीच बाई. पण कूड मोडल्यावर आम्ही पाहिलेला चेहरा कुळाच्या आकारातला होता, हा पोरीचा होता. नाक जरासं डावीकडे, हसायच्या आधी ती ओठ दाबायची तसे दाबलेले ओठ. हिरवे डोळे आमच्याकडे बघत होते. धुरात राहूनही लाकूड ओलंचिंब होतं, पायाशी थेंब साचत होता.

"आकार तुम्ही बरोबर सांगितलात," मामा म्हणाले. "मी दोन केल्या. हिचे डोळे आधी बसवले. ती हिच्यात आली. तुम्ही डुकरं कापलीत ती नुसत्या लाकडापुढे."

दुसऱ्याच्या कुळाचा आकार विचारल्याशिवाय पुन्हा कोरणं ही आमच्याकडे चोरी. पूर्वी त्यासाठी माणसं मारली जात. आणि चोरणारा कोण, तर ज्याच्या सचोटीची किनाऱ्यावर शपथ घेत.

"का, दाजी?"

"मला तिचा देह मिळाला नाही. सगळं आयुष्य मी कुजण्यासाठी कोरलं, केपास. हिला नाही कुजवता आलं." मामा माळ्यावरच बसून होते, खाली यायचं त्यांना सुचत नव्हतं. "ती दुपारची येते. खाली उभी राहते. ओली असते. मला वाटलं, येते आहे तर येऊ दे."

मी त्या ओल्या जागेवरच उभा होतो.

मूर्ती त्याच दिवशी बाहेर आणली. मामांनी सगळ्या गावासमोर आपल्या तोंडाने चोरी सांगितली. दंडाची डुकरं आमच्या कुळाने दिली, आणि मामांच्या पटाश्या केपास घेऊन गेला. मामीला आम्ही घाबरत होतो. ती मूर्तीजवळ आली, तिच्या नाकावर बोट ठेवलं, मग नवऱ्याकडे वळली. "इतके दिवस एकटाच बघत बसलास?" ती म्हणाली. आम्हाला वाटलं होतं, ती मूर्ती ठेवल्याबद्दल भांडेल. ती भांडली ते बोलावलं नाही म्हणून.

एस्ताला रानाच्या कडेला उभं केलं. मामी रोज तिच्याशेजारी जाऊन बसायची. मामा लांब, फणसाखाली. आधी मासे गळाले, मग हात. कोरणाऱ्याने आपलं सगळ्यात चांगलं काम मातीत जाताना बघायचं असतं, ते मामांनी बघितलं. एक दिवस डोळा निसटला आणि पाठोपाठ दुसरा. मामीने ते उचलले नाहीत. ती घरी आली, निखाऱ्यावर टारो भाजला आणि राखेसकट खाल्ला. मलाही दिला. कुत्रा झोपडीत जाऊन झोपला.

आता लोकांचं बघा. पुढच्याच हंगामात दक्षिणेकडची माणसं मामांकडे आली. म्हणाली, ज्याच्या मूर्तीत मेलेलं माणूस इतकं घट्ट बसतं की डोळे गळाल्याशिवाय हलत नाही, त्याच्या हातची मूर्ती आम्हाला हवी. चोरीने गेलेलं नाव चोरीनेच दुप्पट होऊन परत आलं. केपास स्वतः पटाश्या घेऊन आला. धार लावून आणल्या होत्या. मामा कामाला लागले, आणि खोटं कशाला बोलू, हात पूर्वीपेक्षा सरस चालतो. आता पोरंटोरं त्यांच्यासमोर चिलीम ओढत नाहीत. दोन गावांचं भांडण असलं तरी त्यांना वाट मोकळी असते. कलावंताला याहून मोठा मान आमच्याकडे नाही.

परवा दुपारी मी झोपडीत गेलो, तर चुलीजवळची जमीन ओली. टारो उतरला, डोळे गळाले, कुळाने रडून घेतलं, आणि तरी ही ओल? बोट लावून चाटलं, खारट. मी मामांना हाका मारत बाहेर धावलो.

मामा किनाऱ्याकडून येत होते, हळूहळू, एका हातात नारळाची करवंटी धरून. पाणी सांडू नये म्हणून नजर करवंटीवर. मला बघून ते थांबले. मग आत गेले, वाकले, आणि उरलेलं पाणी त्या जागेवर ओतलं.

"सुकत चालली होती," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातली करवंटी घेतली आणि भरून आणायला समुद्रावर गेलो.